मुळाच्या टोकावरची दोन फाटकं

नोकरीत तुम्ही काय केलंत, असं कुणी विचारलं की मी सांगते, कांद्याची मुळं चिरडली. लोक हसतात, मग त्यांना वाटतं मी चिडून बोलते आहे. मी मुळीच चिडलेली नसते. धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक होते. शिकवणारे प्राध्यापक वेगळे, त्यांना टेबल मांडून देणारी मी. बाटल्या धुतल्या, रसायनं तयार केली, मोडलेल्या काचांचे हिशोब ऐकून घेतले. पण एका कामाला मी कुणालाच हात लावू देत नसे. पेशी एकीच्या दोन होताना दाखवणारी स्लाइड करावी ती मीच.

ते काम सांगायला सोपं आहे. कांदा पाण्यावर ठेवला की दोन-तीन दिवसांत त्याला पांढरी मुळं फुटतात. मुळाची सगळी वाढ टोकाच्या इवल्याशा भागात होते, कारण तिथल्या पेशी सारख्या दोन होत असतात. सकाळी साडेआठ-नऊला ती टोकं कापायची आणि अल्कोहोल-ॲसिडच्या बाटलीत टाकायची. पेशी जिथल्या तिथे थिजतात. मग एक टोक काचेवर घ्यायचं, लाल रंग घालायचा, स्पिरिटच्या दिव्यावर कोमट करायचं, वर पातळ काच ठेवायची आणि टिपकागदातून अंगठ्यानं दाबायचं. दाबताना काच केसभरही सरकली तर सगळा चिखल होतो. माझा अंगठा सरकत नसे. रंग ढवळायला मी एक गंजलेली सुई ठेवली होती, कारण लोखंडाचा अंश लागला की त्या रंगात गुणसूत्रं गडद उठतात. एका नव्या प्राध्यापकांनी स्वच्छतेच्या उत्साहात ती सुई फेकून दिली. मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही आणि त्या आठवड्यात त्यांच्या वर्गाला फिकट गुलाबी गुणसूत्रं पाहावी लागली.

माझे वडील पाचोऱ्याला रेल्वेच्या फाटकावर होते. बैलगाड्या, ट्रॅक्टर, सायकली अडून राहायच्या, लोक शिव्या द्यायचे, पण स्टेशनातून निरोप आल्याशिवाय फाटक हलायचं नाही. मी लहानपणी विचारलं होतं, गाडी दिसत नाही तर सोडा ना. ते म्हणाले, “दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं.” मायक्रोस्कोपखाली पेशी पाहायला लागल्यावर मला हे फाटक तिथेही दिसायला लागलं. आमच्या पुस्तकात विभाजनाच्या अवस्थांची नावं पाठ करायला होती. पेशीला कोण थांबवतं नि कोण सोडतं, याबद्दल फारसं काही नव्हतं. पुढे नव्वद सालानंतर एक तरुण मॅडम आल्या आणि त्यांनी फळ्यावर ‘चेकपॉइंट’ असा शब्द लिहिला. मी मागे बाटल्या लावत होते. मनात म्हटलं, बाई, हे फाटक मी कधीचं ओळखते.

अशी फाटकं पेशीच्या वाटेवर आणखीही आहेत, पण माझा संबंध दोहोंशी. पहिलं विभाजनात शिरण्याआधीचं. पेशीनं आपल्या गुणसूत्रांची पूर्ण नक्कल केली आहे का, त्यात कुठे मोडतोड झाली आहे का, हे तिथे तपासलं जातं. ऊन लागलं, पाणी तुटलं, तरी पेशी आत शिरत नाही, बाहेरच थांबते. दुसरं फाटक विभाजनातून बाहेर पडतानाचं. सगळी गुणसूत्रं मध्यभागी ओळीनं उभी राहतात आणि प्रत्येकाला दोन्ही टोकांकडून आलेले धागे धरतात. दोन बायका ओली गोधडी पिळतात तसं ते असतं. दोघींची पकड बसून ताण येईपर्यंत कुणी पीळ घालत नाही. एका जरी गुणसूत्राची पकड बसायची राहिली, तरी बाकीची सगळी थांबतात. सगळ्यांची बसली की मात्र एका क्षणात मूळ गुणसूत्र आणि त्याची नक्कल अशा जोड्या सुटतात आणि दोन बाजूंना निघतात. हे पाहताना मला आजही बरं वाटतं.

पहिल्या फाटकापायी एकदा माझी चांगलीच शोभा व्हायची होती. एप्रिलमधली प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक सकाळी यायचे ते दुपारी दोनला उगवले. धुळ्याच्या उन्हात ग्लासांतलं पाणी आंघोळीला घ्यावं इतकं तापलेलं. मुलांनी ताजी मुळं कापली, स्लाइड केल्या, आणि कुणालाच एकही पेशी विभाजनात दिसेना. परीक्षक म्हणाले, “यांना काही शिकवलेलंच दिसत नाही.” मी सकाळी साडेआठला थिजवून ठेवलेली बाटली पुढे केली आणि म्हटलं, “सर, मुलांना शिकवलंय. कांद्यालाच दुपारी दोनची परीक्षा झेपत नाही.” त्या बाटलीतल्या मुळांवर सगळी मुलं पास झाली. तेव्हापासून नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी बजावत असे की उन्हातून आलेल्या, तहानलेल्या मुळाबद्दल काहीही मत द्यायचं नाही. फाटकाबाहेर थांबलेल्याला मेलेला म्हणायचं नाही.

आणि हाच नियम मी स्वतः मोडला. त्याचीच गोष्ट सांगायला बसले आहे, वरचं सगळं त्यासाठी.

गणपतीचे दिवस होते. पिंपळनेरकडच्या एका खेड्यातून सुकदेव नावाचा शेतकरी विभागात आला. त्याचा चुलतभाऊ आमच्याकडे शिकून गेलेला, तेवढीच ओळख. ओल्या गोणपाटात त्यानं कांद्याची कोवळी रोपं गुंडाळून आणली होती. गोणपाट सकाळी ओलं केलेलं. एसटीनं धुळे, मग बाजारातली कामं, आणि विभागात यायला दुपारचे तीन. तोवर ते कडक वाळलेलं.

“ताई, बठ्ठा गावनं रोप बसी गयं,” तो म्हणाला. “अक्कानं बी खराब शे, आसं लोके म्हनतस. तुम्ही देखी सांगा.”

अक्का म्हणजे त्याची चुलती, गंगाअक्का. त्या गावात कांद्याचं बी विकत आणायची पद्धत नव्हती. दर वर्षी अक्का आपल्या वावरातले चांगले कांदे निवडायची, लावायची, त्यांच्या डोंगळ्यांतून, म्हणजे कांद्याच्या फुलांच्या गोंड्यांतून, बी काढायची. तिच्या सासूनं तेच केलं होतं आणि सासूच्या सासूनंही. पेरणीच्या आदल्या दिवशी अक्काच्या ओट्यावर सगळ्या गावाचं बी एकाच भांड्यात भिजायचं. दुसऱ्या दिवशी पंचवीसेक घरं ते ओलं बी फडक्यात बांधून न्यायची आणि एकाच सकाळी वाफे पेरायची. म्हणून त्या वर्षी रोप बसलं, म्हणजे उगवून जागीच खुंटलं, तेही सगळ्यांचं एकदम बसलं, आणि बोट एकाच माणसाकडे गेलं.

मला दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलची तयारी करायची होती. मी एक मूळ घेतलं, एक स्लाइड केली. एकही पेशी विभाजनात नव्हती. काही केंद्रकं नको इतकी मोठी आणि वेडीवाकडी होती. ती मी पाहिली आणि सोडून दिली. मुळाचं टोक जाडसर फुगलेलं होतं. ऊन लागून सुजलं असेल, असं मीच ठरवलं. सुकदेवला म्हटलं, “वाढ करणाऱ्या पेशीच मेल्यात. बियाण्यातच जीव नसणार.” एका स्लाइडवर, दुपारी तीन वाजता, वाळलेल्या मुळावर मी हे बोलले. तो हात जोडून गेला. मी स्लाइड धुऊन टाकली.

दहा-बारा दिवसांनी सकाळी पावणेनऊला प्रयोगशाळेच्या दारात एक म्हातारी उभी राहिली. पहिल्या एसटीनं आलेली. एका हातात पितळी लोटा, दुसऱ्या हातात वाळक्या भोपळ्याचा तुंबा, तोंडाला फडक्याचा बोळा लावलेला.

“मन्हा बीले मरेल म्हननारी तूच का?”

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. लोट्यात ओली वाळू होती आणि वाळूत हिरवे कोंब. तो लोटा तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

“मरेल बीले कोंब येस का? सांग. तू शिकेल शे, सांग माले.”

इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. उगवलेल्या रोपाच्या बियाला मी मेलेलं ठरवलं होतं.

“सुकदेवनी येईसन गावले सांगं, कॉलेजनी बाई सांगस बी मरेल शे. गावनी तोंड फिराई लिधं. अर्धं बी मी नालामा टाकी उनू. तुन्हा सांगावर.” मग तिनं तुंबा पुढे केला. “एवढंच ऱ्हायनं शे. टाकवनं नही माले. आते खरं देखी सांग.”

मला इतकी लाज आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही. मी कामाला लागले. नऊ वाजले नव्हते. लोट्यातल्या कोंबांची मुळं धुतली. उरलेलं बी खरं ठरवायला तिनं स्वतःच त्यातलं मूठभर पुन्हा भिजवून वाळूत पेरलं होतं, त्याचे हे कोंब. मुळांची टोकं फुगलेली, जोंधळ्याच्या कणसासारखी बोथट. या वेळी ऊन लागलेलं नव्हतं आणि तहानही नव्हती. टोकं कापली, थिजवली, दुसऱ्या दिवशी स्लाइड केल्या. एक नाही, सहा.

पेशी मेलेल्या नव्हत्या. पहिलं फाटक ओलांडून भराभर आत आल्या होत्या आणि दुसऱ्या फाटकाशी तुंबल्या होत्या. जिकडे पाहावं तिकडे गुणसूत्रं आखूड, जाड होऊन पेशीभर विखुरलेली; ओळ नाही, धागे नाहीत, पकड नाही. पकड बसेपर्यंत थांबायचं हा हुकूम प्रत्येक पेशी पाळत होती. वाट पाहून थकलेल्या काही पेशी जोड्या न सोडताच माघारी फिरल्या होत्या, आणि त्यांचंच ते दुप्पट मोठं, वेडंवाकडं केंद्रक झालं होतं. पहिल्या दिवशी मी पाहून सोडून दिलं होतं ते हेच.

हे चित्र मला नवीन नव्हतं. विभागात कोल्चिसिन नावाच्या विषाची एक छोटी बाटली कुलपात असे. ते धागे बनू देत नाही, म्हणून गुणसूत्रं मोजायच्या स्लाइडसाठी मी ते वापरत असे. माझ्या पेटीतली जुनी स्लाइड काढून शेजारी ठेवली. दोन्ही सारख्या. म्हणजे या बियाला कुठेतरी धागे मोडणारं विष भेटलं होतं.

तुंब्यातलं कोरडं बी मी ओल्या टिपकागदावर काचेच्या बशीत मांडलं. अक्का धुळ्यातच भाचीकडे राहिली. रोज सकाळी साडेआठला येऊन स्टुलावर बसायची आणि बशीकडे बघायची. विभागप्रमुख सर एकदा डोकावले. म्हणाले, “आपलं कॉलेज आहे, बियाणं तपासणी केंद्र नाही.” अक्कानं त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पाचव्या दिवशी सरळ, टोकदार, पांढरी मुळं हाताशी आली. स्लाइड केली. पेशी आत शिरत होत्या, ओळीनं उभ्या राहत होत्या, सुटत होत्या, दोन होत होत्या. मी अक्काचा डोळा मायक्रोस्कोपला लावला. ती एकेक पेशी पाहत गेली.

“हाई बठ्ठं बीमा व्हतं?”

“हो अक्का. तुमचं बी चांगलं आहे. चूक माझी झाली.”

“ते माले माहीतच व्हतं,” ती म्हणाली. कोणतं, ते तिनं सांगितलं नाही.

बी एकच. कोरडं ते ठणठणीत, भिजवलेलं ते बिघडलेलं. मी विचारलं, “अक्का, भिजवलं कशात?”

दर वर्षीचा माठ त्या वर्षी फुटला होता. सुकदेवनं आपल्या घरचा झाकणाचा डबा आणून दिला. मोठा, न गळणारा. अक्कानं तो राखेनं तीनदा घासला. गावाचं बी त्यातच भिजलं आणि मागाहून लोट्यातलं मूठभरही.

“आणि पाण्याला काही रंग आला होता?”

“पानी पिवळं दिखनारच. हळद तं दर वरीसले टाकस मी.”

तिथे मला संशय आला. बी भिजवताना चिमूट हळद टाकायची, ही त्या घराची रीत. डब्यात आधी भुईमुगाच्या वावरात मारायचं तणनाशक होतं, हे पुढे सुकदेवनंच सांगितलं, आणि तेही पिवळं. एरवी पिवळं पाणी पाहून कुणीही थबकलं असतं. अक्काला ते आपल्या हळदीचंच वाटलं. आधीच्या पंचवीस वर्षांत ते हळदीचंच होतं.

निरोप धाडून सुकदेवकडून डबा मागवला. काठाच्या दुमडीत पिवळा चिकट थर अजून होता. त्यात एक दिवस पाणी ठेवलं आणि त्या पाण्यावर बाजारातला साधा कांदा ठेवला. त्याची मुळंही तशीच फुगली, पेशी तशाच अडकल्या. ही खात्री मी केली ती स्वतःसाठी, कारण एका स्लाइडवर बोलायची खोड मला कायमची मोडायची होती.

मग रविवारी मी सरांकडून “जबाबदारी तुमची” असं ऐकून मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन एसटीत बसले. धुळे ते पिंपळनेर रस्ता कसा होता ते त्या वाटेच्या लोकांना माहीत आहे. प्रत्येक खड्ड्याला मी मायक्रोस्कोप वर उचलत होते. गावातल्या मारुतीच्या ओट्यावर तो उन्हाकडे आरसा करून मांडला. तीन स्लाइड ठेवल्या, अक्काच्या कोरड्या बियाची, डब्यात भिजवलेल्याची, आणि डब्यातल्या पाण्यावर ठेवलेल्या कांद्याची. आधी मी उभी राहून सांगितलं की बी मेलेलं आहे असं मी म्हणाले होते, ते खोटं होतं, मी नीट पाहिलं नव्हतं. ही चार वाक्यं बोलायला मला सगळ्या नोकरीतलं धैर्य लागलं. मग एकेक जण वाकून पाहू लागला.

डबा मधोमध होता. गावानं तो ओळखल्यावर सुकदेवचं तोंड उतरलं. कुणीतरी त्याच्यावर आवाज चढवला, तेव्हा अक्का उठली.

“डबा यान्हा व्हता, पन बी भिजवनारा हात मन्हा. चुकनू मी. बी नही चुकनं.”

एक म्हातारे आबा पुन्हा वाकून मायक्रोस्कोपात पाहत बसले, आणि कुणी त्यांना उठवलं नाही.

त्या वर्षाचं पीक मात्र गेलं ते गेलंच. नाल्यात गेलेलं बी मी परत आणू शकत नव्हते. कांद्याच्या बियापासून पुन्हा बी हाती यायला दोन हंगाम जातात, आणि तेवढा काळ गावाला बाजारचं बी घ्यावं लागलं. मी आणखी एक स्लाइड केली असती, सकाळपर्यंत थांबले असते, तर तो तुंबा भरलेला राहिला असता. हे मी स्वतःला कधीच विसरू दिलं नाही.

निघताना अक्कानं तुंब्यातलं चिमूटभर बी कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवलं. मी नको म्हणाले. तिच्याकडेच किती कमी उरलं होतं.

“तू मरेल सांगेल बी शे हाई,” ती म्हणाली. “मी आठे पेरस, तू तठे पेर. दर वरीसले माले सांग, जित्तं शे का मरेल.”

मी प्रयोगशाळेमागच्या नळाच्या ओलीवर वाफा केला. पुढे आमच्या विभागात बाजारातला कांदा आला नाही. शिपाई पाणी घालायचे, डोंगळ्यांचं बी मी स्वतः काढायचे. वर्षामागून वर्षं मुलांनी पेशीचं विभाजन पाहिलं ते अक्काच्या कांद्यावर, सोळा गुणसूत्रं मोजली ती त्याच्याच मुळात. त्यातले कित्येक आज डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, शेतीखात्यात आहेत. त्यांना हे ठाऊक नाही. दर वर्षी हंगामाची पहिली स्लाइड जमली की मी गावी पोस्टकार्ड टाकत असे. त्यावर दोनच शब्द, “जित्तं शे.” अक्काला वाचता येत नसे, सुकदेव वाचून दाखवी. उत्तर कधी येत नसे आणि मला ते अपेक्षितही नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी निवृत्त झाले. अक्का त्याआधी काही महिन्यांपूर्वीच गेली होती. शेवटच्या दिवशी समारंभ दुपारी होता. मी सकाळी लवकर गेले, साडेआठला मुळं कापली, आदल्या दिवशीच्या मुळांची एक स्लाइड केली. अंगठा सरकला नाही. सोळाच्या सोळा जोड्या ओळीत उभ्या होत्या आणि शेजारच्या पेशीत त्या सुटून निघालेल्या. पोस्टकार्ड काढलं, आणि पत्ता कुणाच्या नावानं घालायचा म्हणून हात थांबला. मग सुकदेवच्या नावानं घातला. दोन शब्द लिहिले.

आठ दिवसांनी घरी उत्तर आलं. इतक्या वर्षांतलं पहिलं. अक्षर सुकदेवचं, बाळबोध, शाई निळी, आणि कार्डाच्या कोपऱ्यात चिकटवलेलं कांद्याचं एक काळं बी.

“आठे भी.”